हलू नकोस, तिबुर्सियो!

त्या काळी फोटो निघायला वेळ लागे आणि तोवर हलायचं नसे, एवढी एकच अट होती आणि तीच तिबुर्सियोला जमेना.

तो मेक्सिको शहरातला पाणक्या. पाठीवर मोठी घागर, तोल राहावा म्हणून पोटावर लहान घडा, दोन्हींचे पट्टे डोक्यावरून घेतलेले. छातीत खोकला असा बसला होता की येत्या मृतांच्या सणाला, गेलेली माणसं घरी परततात तेव्हा, तो पाहुणा म्हणूनच घरी येणार, हे सगळे धरून चालले होते. बायकोला, पेत्राला, त्याचा चेहरा जवळ हवा होता. फोटोवाले सेन्योर लिबोरियो कष्टकऱ्यांचे फोटो विकत. श्रीमंतांना कष्ट अल्बमात फार आवडतात. एक प्रत त्यांनी पेत्राला फुकट कबूल केली.

"मान हलू नये म्हणून मागे हा लोखंडी चिमटा लावतो," ते म्हणाले.

मागे घागर होती. चिमटा बसेना.

"घागर काढ."

तिबुर्सियोने घागर उतरवली, तसा पुढच्या भरल्या घड्याने त्याला तोंडावर पाडलं.

"मग दोन्ही काढ!"

"मग पाणक्या कसला, सेन्योर? नुसता रिकामटेकडा दिसेन."

शेवटी चिमट्याशिवायच उभा केला. त्याने खोकला दाबून धरला आणि अगदी शेवटी सोडला. काचेवर घागर स्वच्छ आली, घडा स्वच्छ आला, तोंडाच्या जागी धूर. दुसऱ्या दिवशीही धूरच.

"मेल्या, जरा दम धर की!" पेत्रा ओरडली.

"तोच संपलाय गं."

रविवारी तो गेला. पेत्रा पोटभर रडली, मग डोळे पुसून लिबोरियोंच्या दारात उभी राहिली.

"चला सेन्योर. आता नाही हलायचा."

पाणके जिथे पाणी भरत त्या हौदाच्या भिंतीला टेकवून बसवला. सोबतच्या पाणक्यांनीच पट्टे आवळले. मिटल्या पापण्यांवर लिबोरियोंनी मागाहून शाईने डोळे काढले. फोटो हातोहात खपला.

महिन्याभराने एक बाईसाहेब बग्गीतून हौदावर उतरल्या. हातात तोच फोटो.

"हा पाणक्या कुठे भेटेल? आमचा नवा फार धसमुसळा आहे. हा बघा, किती शांत, धडधाकट! कायमचा ठेवून घेईन."

पाणक्यांनी टोप्या काढल्या. पाणी न्यायला आलेल्या पेत्राने त्या शाईच्या डोळ्यांकडे पाहिलं. ते त्याचे नव्हतेच.

"हा तुमच्याकडेच होता, बाईसाहेब. जिन्यावर पाणी सांडतो म्हणून तुम्हीच काढलात."

बाईसाहेबांनी फोटो पुन्हा निरखला.

"छे गं! तो वेगळा. तो सारखा खोकायचा."