बोट घेऊन या, अप्पा

आमच्या शेजारणीला, रमाअक्काला, रोज सकाळी माझं बोट लागतं. दूध, साखर, काडीपेटी असलं ती काही मागत न्हाई. मधल्या भिंतीवर लाटणं आपटती आणि वरडती, "अप्पा! बोट घेऊन या!"

आता बोट काय मी खुंटीला टांगून ठेवतो? पण जावं लागतं. न्हाई गेलो तर लाटणं थांबत न्हाई, आणि गिलावा माझ्या बाजूचा पडतो.

अक्का भालकीच्या टेलिफोन एक्सचेंजात नोकरीला होती. रिटायर झाल्यावर बाया नातवंडांत रमतात. हिनं परीक्षा देऊन वायरलेसचा परवाना काढला. भाकरीच्या डब्याएवढं एक यंत्र आणलं, माळवदावर तार ताणली, आणि बसल्या जागेवरून सांगली, नागपूर, कुठं कुठं बोलायला लागली. मी म्हणलो, "अक्का, मोबाईल हाय की."

"मोबाईलवर ज्याला लावला तोच बोलतो. इथं कोण भेटंल ठाऊक न्हाई. बसस्टँडवर बसल्यावानी हाय, अप्पा. फक्त बस यायची न्हाई."

यंत्र नामी, पण अक्काचं आणि त्याचं पयल्या दिवसापासून वाकडं. करणाऱ्यानं ते आटोपशीर व्हावं म्हणून सगळी कामं एकाच बटनात कोंबलेली. दाबलं की एक काम, दाबून धरलं की दुसरं, दाबून फिरवलं की तिसरंच. आवाज वाढवायला जावं तर टेशन बदलायचं. "हे माणसाच्या बोटाला केलंय व्हय?" अक्का कडाडायची. "मुंगीच्या बोटाला केलंय! एका बटनाला एक काम पायजे. आमच्या एक्सचेंजात बोर्डावर प्रत्येक गिराइकाला वायर खुपसायला आपलं आपलं भोक होतं."

तेवढ्यावर भांडण मिटलं असतं. पण साखरेच्या आजारानं अक्काचे डोळे चाललेत. बिदरच्या डॉक्टरनं साफ सांगितलं, हाय तेवढं जपा. यंत्राच्या काचंवरचे आकडे तिला आत्ताच दिसंनात. पोरगी बेंगळूरला, नवरा कवाच गेलेला. सकाळी यंत्रावर चार आवाज भेटतात तीच हिची गल्ली. ते बटन सापडंनासं झालं की गल्ली बंद. "डोळे जायच्या आत हाताला दिसायला पायजे," म्हणली, आणि पदर खोचला.

यंत्र हलकं, दाबलं की मागं सरकायचं. अक्कानं ते पोळपाटावर स्क्रूनं आवळलं आणि खालून सायकलच्या ट्यूबचे तुकडे चिकटवले. तवापासून पोळ्या उलट्या ताटावर, आणि लाटणं भिंत बडवायला मोकळं. टेशन लावायच्या बटनावर लोणच्याच्या बरणीचं झाकण बसवलं, त्याला बोटाचं टोक बसंल अशी खळी पाडली. मग शेजारी एक डबी जोडून तिच्यावर वेगळी बटनं काढली. आवाजाच्या बटनावर चिंचोका, खरखर कमी करायच्या बटनावर पॉलिशपेपर, आणि बोलायच्या बटनावर पोलक्याचं हूक. यंत्र असं दिसायलं की कुणी लग्नातल्या रुखवतात मांडावं.

आणि हे सगळं तपासायला माझं बोट. मी उसात जन्म काढलेला माणूस, बोटं कांड्यासारखी. अक्का म्हणली, "तुमच्या बोटाला जमलं तर जगाला जमलं. डोळे झाका. आवाज कुठाय?"

मी चाचपडत हात नेला आणि नेमकं बोलायचं बटन दाबलं. तेवढ्यात दारातून बकरी आत. मी तिला तिच्या सात पिढ्यांसकट जे बोललो, ते सांगलीपर्यंत गेलं. तिकडून एका गूळवाल्या काकांचा आवाज आला, "अक्का, आज सकाळीच कुणावर एवढ्या चिडलात?"

अक्कानं माझ्या हातावर चापट मारली. "परवाना न्हाई तुमाला! तुमी नुसतं ऐकायचं!" मग पोट धरून हसली. दुसऱ्या दिवशी त्या बटनाभोवती तिनं स्टीलचं कडं बसवलं. आता मुद्दाम आत बोट घातल्याशिवाय ते दबत न्हाई. माझ्यामुळं ही सुधारणा झाली, हे मी गल्लीत सगळ्यांना सांगितलंय.

माझी मंडळी मागच्या उसाच्या हंगामात देवाघरी गेली. त्याच्यानंतर मी सकाळी उठायचंच सोडलं होतं. उठून करायचं काय? चहा गार झाला म्हणून कुणी शिव्या घालंना. लोक येऊन सांगायचे, देवाची मर्जी, धीर धरा. मी भिंतीकडं तोंड करून पडायचो. एक दिवस त्याच भिंतीवर लाटणं वाजलं. रमाअक्कानं धीराचं एक अक्षर काढलं न्हाई. बोट मागितलं.

तवापासून रोज काहीतरी बिघडलेलंच. आज चिंचोका निघाला, उद्या झाकण ढिलं. मी म्हणायचो, "कसला गोंद आणायलाव अक्का? फसवायलाय तुमाला दुकानदार." ती म्हणायची, "व्हय, समदे चोर हायेत."

परवा मला लवकर जाग आली. म्हणलं, आज बोलवायच्या आधीच जावं. दार अर्धं उघडं होतं. अक्का डोळ्यांवर टॉवेल बांधून यंत्रापुढं बसलेली. हात असे चालत होते की पेटी वाजवायली. झाकण फिरलं, चिंचोका फिरला, कड्यात बोट गेलं, आणि गूळवाल्या काकांशी खळखळून गप्पा. एकदाही हात चुकला न्हाई. मी तिथंच थांबलो. यंत्र कवाच तयार झालेलं होतं.

बोलणं संपलं. अक्कानं टॉवेल सोडला. स्क्रू ड्रायव्हर घेतला, यंत्राला डोळे भिडवून चिंचोका शोधला, आणि त्याच्या खाली टोक घालून सगळा जोर लावून त्याला उचकटून काढला. चांगला घट्ट बसलेला होता बिचारा. काढून ताटात ठेवला. मग लाटणं घेऊन भिंतीकडं गेली.

मी चपला हातात घेतल्या आणि या वयात पळत घरी आलो. भिंत वाजायलीच होती.

"अप्पा! बोट घेऊन या! चिंचोका परत निघाला!"

"आलो!" म्हणलो. दम लागला होता, जरा टेकलो, मग गेलो.

चहा पुढं आला. अक्कानं नवा गोंद लावून चिंचोका बसवला. मी डोळे झाकले, बोट नेलं. बरोब्बर जाग्यावर होता.

"कसाय?" तिनं विचारलं.

"तिरपा लागायलाय," मी म्हणलो. "उद्या परत बघावं लागंल."