पास्कू अंकल आणि बक्षिसाचं पाकीट

आमच्या मराठी मंडळाच्या उन्हाळी पिकनिकला लिंबू-चमच्याची शर्यत होती. सहा वर्षांची एक चिमुरडी पहिली आली. अध्यक्षांनी तिला ग्रोसरीच्या दुकानाचं वीस डॉलरचं गिफ्ट कार्ड दिलं, फोटो निघाला, टाळ्या झाल्या, आणि गर्दीतून वाट काढत आमच्या शेजारच्या पास्कू अंकलनी ते कार्ड तिच्या हातातून हळूच काढून घेतलं. "नाय बाळा," ते म्हणाले, "एलिजिबिलिटी जाईल."

पोरीनं भोकाड पसरलं. तिच्या आईला वाटलं म्हातारा चक्रम आहे, अध्यक्षांना वाटलं कार्ड लांबवतोय. पास्कू अंकल मात्र शांतपणे समजावत होते, की ही मुलगी उद्या कॉलेजच्या संघातून धावणार असेल तर आज घेतलेले वीस डॉलर तिला आडवे येतील. मग त्यांनी खिशातून एक सोनेरी मेडल काढून तिच्या गळ्यात घातलं. अशी मेडलं ते डॉलरच्या दुकानातून डझनानं आणतात आणि कुठल्याही पिकनिकला बरोबर ठेवतात. त्यांच्या मते मेडल चालतं, कप चालतो, केळंही चालतं. रोख पैसे किंवा पैशांसारखं दिसणारं काहीही चालत नाही.

पास्कू लोपीस मूळचे वसईचे. हॅमिल्टनच्या एका पोलाद कारखान्यात त्यांनी तीस वर्षं तयार माल तपासला आणि खोट असलेला तुकडा बाजूला काढला. रिटायर झाल्यावर तपासायला काही उरलं नाही, म्हणून ते आम्हाला तपासायला लागले असावेत, असा माझा बरेच दिवस समज होता. मार्था आंटी जाऊन सहा वर्षं झाली. एकुलती एक मुलगी शर्ली विनिपेगला नर्स आहे. ती दर रविवारी सकाळी फोन करते आणि विमानं वेळेवर उडाली तर ख्रिसमसला येते. रविवारच्या फोनमध्ये हवामान होतं, विंटर टायर्स होतात, ब्लडप्रेशर होतं, आणि दहा मिनिटांत फोन संपतो.

त्यांच्या बेसमेंटमध्ये लोक लोणच्याच्या बरण्या ठेवतात तिथे तीन जाडजूड फायली आहेत. अमेरिकेतल्या कॉलेज खेळांचे नियम, सगळे कागदावर छापून, रंगीत चिठ्ठ्या लावून. कॉलेजचा खेळाडू हौशी असला पाहिजे, त्यानं खेळाचे पैसे घेतले की तो धंदेवाईक झाला आणि संघातून बाद, असा त्या शेकडो पानांचा मथितार्थ. अंकल देवळात जातात, म्हणजे चर्चमध्ये, पण बायबलातला उतारा सांगताना अडखळतील. नियमाचं पान सांगताना कधी अडखळत नाहीत.

आमच्या मुक्तानं नववीत धावायला सुरुवात केली आणि अंकल आमच्या घरातले झाले. मी आणि नवरा दोघंही सॉफ्टवेअरमधले. आमच्या दोन्ही घराण्यांत बस सुटत असल्याशिवाय कोणी धावलेलं नाही. त्यामुळे पहाटे सहाला मुक्ताला ट्रॅकवर नेणं, स्टॉपवॉच धरणं, थंडीत तिचा कोट घेऊन उभं राहणं हे सगळं त्यांनी स्वतःहून अंगावर घेतलं. पेट्रोलचे पैसे देऊ केले तर म्हणाले, "पालकांकडून चालतात. पण नको."

मुक्तानं काय खाल्लं यापेक्षा ते कोणी दिलं याची त्यांना जास्त काळजी. एकदा बुटांच्या दुकानदारानं कौतुकानं तिला मोज्यांचे तीन जोड फुकट दिले, तर अंकल तिला गाडीत घालून परत घेऊन गेले आणि पैसे भरून पावती फाइलला लावली. दुसऱ्या एका टीमच्या कोचनं समोसे वाटले तेव्हा त्यांनी बराच विचार करून निकाल दिला, की एक समोसा म्हणजे नाश्ता, दोन म्हणजे जेवण. मुक्तानं एक खाल्ला आणि दुसऱ्याकडे बघत बसली. "मॉम, ही इज सो वीअर्ड," ती घरी येऊन म्हणाली. दुसऱ्या दिवशी सहाला मात्र त्यांच्या गाडीत जाऊन बसली.

थँक्सगिव्हिंगच्या सुमारास गावात एक शर्यत असते. पहिल्या आलेल्या मुलीला आख्खी टर्की मिळते. गेल्या वर्षी मुक्ता पहिली आली. अंकलनी आयोजकांना बाजूला घेऊन त्या टर्कीची बाजारातली किंमत विचारली, मग वजन विचारलं, आणि अखेर ती दुसऱ्या आलेल्या मुलीला द्यायला लावली. आम्ही शाकाहारी. त्यामुळे या एका प्रसंगी त्यांचा नियम आणि आमचा धर्म एकमेकांना धरून होते.

यंदा मात्र गोष्ट गमतीची राहिली नाही. सीमेपलीकडच्या, अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या कोचनं मुक्ताला कळवलं, की आम्हाला तू हवी आहेस, चारही वर्षांची फी माफ. फक्त तिची पात्रता तपासून व्हायची होती. आमच्या घराचा हप्ता बघता ती फी आम्ही आमच्या खिशातून भरू शकलो नसतो, हे मुक्तालाही ठाऊक होतं. ती रोज संध्याकाळी ईमेल उघडून बघायची. अंकल रोज संध्याकाळी तिला विचारायचे, आणि मग पायऱ्या उतरून फायलींकडे जायचे.

अशातच मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम आला. अध्यक्ष बापट यांना सत्कार करायची दांडगी हौस. त्यांनी मुक्ताला स्टेजवर बोलावलं, शाल घातली, नारळ दिला, आणि आपल्याकडे देतात तसं एकशे एक डॉलरचं पाकीट पुढे केलं. मुक्तानं वाकून नमस्कार केला आणि हात पुढे केला. इतक्यात तिसऱ्या रांगेतून पास्कू अंकल उठले. त्यांचा गुडघा दुखतो, एरवी ते कठड्याला धरून चढतात, पण त्या दिवशी स्टेजच्या चारही पायऱ्या ते कुठेही न धरता चढले आणि पाकीट त्यांनी बापटांच्या हातातच धरून ठेवलं.

"शाल चालेल," ते माइकसमोर म्हणाले. "नारळ चालेल. हे नाय चालणार."

"अहो लोपीस, शकुनाचं आहे ते," बापट म्हणाले.

"शकुनाची पावती असते काय?"

सभागृह हसलं. दोघं ज्येष्ठ नागरिक एका पाकिटाची दोन टोकं धरून उभे होते आणि मध्ये माझी मुलगी शाल पांघरून लालबुंद झाली होती. मला ते सहन झालं नाही. घरी परतताना पार्किंगमध्ये मी त्यांना गाठलं आणि म्हटलं, "अंकल, ती माझी मुलगी आहे. तुम्हाला तुमची मुलगी आहे ना, तिची काळजी करा."

ते गाडीचं दार उघडून आत बसले. पुढचे पाच दिवस पहाटे सहाला त्यांची गाडी आमच्या दारात आली नाही.

मी बोलले ते वाईट बोलले, हे मला त्याच रात्री कळलं होतं. पण माझा स्वभाव असा, की माफी मागायच्या आधी मी बरोबर होते हे सिद्ध झालेलं मला लागतं. म्हणून मी त्या विद्यापीठाच्या कचेरीत फोन लावला आणि पाकिटाची सगळी हकिकत सांगितली. फोनवरच्या बाई मनमोकळं हसल्या. समाजातल्या वडीलधाऱ्यांनी सणाला आशीर्वाद म्हणून काही दिलं तर त्याचं काही नाही, म्हणाल्या. शिवाय आता नियम बरेच सैल झाले आहेत. कॉलेजात यायच्या आधी एखाद्या मुलीनं शर्यतीत बक्षिसाची रक्कम जिंकली असली तरी त्यासाठी आता तिला कोणी बाद करत नाही. मुक्ताचे कागद ठीक आहेत, पत्र निघालंय.

ते पत्र शनिवारी दुपारी आलं. मी वाटीभर शिरा घेतला, फोनवर पत्र उघडलं, आणि शेजारी गेले. अंकल गॅरेजसमोर पानं गोळा करत होते. मी आधी माफी मागितली, मग पत्र दाखवलं. त्यांनी डोळे मिटून क्रूसाची खूण केली आणि मुक्तासाठी दोनदा "थँक गॉड" म्हटलं. मग मी आपली त्यांची गंमत करायला म्हटलं, "आणि अंकल, तुमच्या त्या तीन फायली आता रद्दीत काढा. शर्यतीचं बक्षीस आता चालतं."

"काय चालतं?"

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी खराटा भिंतीला टेकवला आणि पायरीवर बसले. मला वाटलं ते वाद घालतील, पान काढून दाखवतील. ते म्हणाले, "शर्लीच्या वेळी नव्हता चालत."

शर्ली धावायची हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मुक्ताहून वेगात धावायची. सतराव्या वर्षी दहा किलोमीटरच्या शर्यतीत ती मोठ्या बायकांना मागे टाकून पहिली आली. बक्षीस होतं पंधराशे डॉलर. तिला अमेरिकेतल्या कॉलेजचं बोलावणं तोवर आलेलं होतं. टेबलाशी बसलेल्या बाईनं विचारलंही, की चेक घेणार की नको म्हणून सही करणार. "शर्ली म्हणाली, डॅडी नको, कोचनं सांगितलंय," अंकल म्हणाले. "मी म्हटलं, अगो घे. मोठी माणसं हातात देतायत, नाय म्हणू नये. आपल्यात असा नाय करत. मीच घेतला हात पुढे करून."

कॉलेजचा फॉर्म आला तेव्हा शर्लीनं त्यावर खरं ते लिहिलं. कॉलेजनं बोलावणं मागे घेतलं. ती इथेच नर्सिंगला गेली, आणि त्या घरात धावण्याविषयी पुन्हा कोणी बोललं नाही.

"मी काय म्हणायचो स्वतःला," अंकल म्हणाले, "की नियम मोठा होता. चांगला होता. मी अडाणी, मला म्हाईत नव्हता. आता ते म्हणतात की नियमच नको होता. मग माझ्या पोरीचा सगळा कशासाठी गेला?"

मला त्यांची फार दया आली आणि स्वतःची लाज वाटली. मी एवढंच म्हटलं, की शर्लीला सांगा.

"सांगू? तिला वाटेल फुकट गेला."

बराच वेळ ते फोन हातात फिरवत होते. मग त्यांनी नंबर लावला, आणि त्यांना कमी ऐकू येतं म्हणून स्पीकरवर टाकला. मी उठायला लागले तर त्यांनी हातानं बस म्हटलं.

"डॅड? इट्स सॅटरडे. आर यू ओके?"

"ओके आहे. शर्ली, तो बक्षिसाचा नियम होता ना. तो काढला त्यांनी."

"आय नो, डॅड. ज्या दिवशी बातमी आली त्याच दिवशी वाचली."

"मग मला नाय सांगितलास?"

"तुला वाईट वाटला असता," शर्ली म्हणाली. तिचं मराठी बरेच दिवस न वापरलेलं, पण नीट होतं. "तू त्या दिवशी किती खूश होतास, डॅडी. टेबलावरच्या बाईला, पाणी देणाऱ्या पोरांना, सगळ्यांना सांगत होतास, ही माझी मुलगी म्हणून. मला तोच दिवस आठवतो. दुसरा नाय आठवत."

अंकलनी स्पीकर बंद केला आणि फोन कानाला लावला. मी शिऱ्याची वाटी पायरीवर ठेवून निघून आले.

तासाभरानं मुक्ता बूट घालून बाहेर पडली आणि दारातच थांबली. पास्कू अंकल बिनटोपीचे ड्राइव्हवेवर इकडून तिकडे फेऱ्या मारत होते. बोलत कमी होते, ऐकत जास्त होते. भुरभुर बर्फ पडायला लागलं होतं आणि ते त्यांच्या केसांवर साचत होतं.

"मॉम, इज ही ओके?" मुक्तानं विचारलं.

"ओके आहेत," मी म्हटलं. "मुलीशी बोलतायत."