वजन लावून बघणारे सदूभाऊ

माझ्या धाकट्या मुलीच्या बारशाला सदूभाऊ निरगुडकर पाळण्याच्या हुकाला लटकले होते. यात अतिशयोक्ती नाही. तुळईतला हूक जमिनीपासून साडेसात फुटांवर होता आणि सदूभाऊंची उंची पाच फूट चार इंच. स्टुलावर चढून त्यांनी दोन्ही हातांनी हूक पकडला, पायानं स्टूल बाजूला सारलं आणि मनातल्या मनात साठ आकडे मोजायला सुरुवात केली. खाली बाळ, बाळंतीण, घुगऱ्यांचं पातेलं आणि सव्वीस बायका ताटकळत उभ्या.

माझ्या सासूबाई म्हणाल्या, "अहो, नाव मुलीचं ठेवायचंय की तुमचं?"

साठ झाले तसे ते खाली उतरले. खिशातून कंपास काढून हुकाचं तोंड मोजलं, लटकण्याआधी मोजलं होतं त्याच्याशी ताडून पाहिलं आणि म्हणाले, "बाळ सात पौंड, पाळणा बावीस, मी एकशे बारा. दुपटीच्या वर झालं. आता ठेवा नाव."

झाशीतल्या आम्हा मोजक्या मराठी घरांत बारशाचं पहिलं आमंत्रण सदूभाऊंना जायचं ते यासाठी. बोलावलं नाही तर ते न बोलावता यायचे, एवढाच फरक.

"दिसायला काय, सगळंच मजबूत" हे त्यांचं एक वाक्य आणि "वजन लावून बघितलंत का?" हे दुसरं. या दोन वाक्यांवर त्यांचा संसार चाले. कुणी म्हणालं, मुलीसाठी सिविल लाइन्समधलं चांगलं स्थळ आलंय, मुलगा शांत आहे, की सदूभाऊ विचारत, "वजन लावून बघितलंत का?" म्हणजे त्याला भर उन्हात तीन तास स्टेशनावर उभं करा, आगगाडी चुकवा, मग शांत राहतो का बघा. एका मुलीच्या वडिलांनी हे खरोखर केलं. मुलगा शांत राहिला. लग्न झालं. त्या जावयाला अजून कळलेलं नाही की त्या दिवशी तांगा का मिळाला नव्हता.

लक्ष्मी गेटच्या बाजारात कढई घ्यायची तर ते बरोबर आणलेल्या छोट्या हातोडीनं एकेक कढई वाजवत. कान लावून ऐकत. मान हलवत. पुढची उचलत. अठराव्या कढईला दुकानदार म्हणाला, "पंडितजी, कढ़ाई लेनी है कि रिश्ता तय करना है?"

"रिश्ते में तो धोखा चल जाता है भैया," सदूभाऊ म्हणाले, "कढ़ाई में नहीं."

मी त्यांच्या हाताखाली अकरा वर्षं काढली. रेल्वे लाइनीपलीकडे एक खासगी लोहारकारखाना होता. तिथे ओझी उचलायचे हूक, साखळ्या आणि शॅकल घडवले जात. ज्यांनी शॅकल पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: घोड्याच्या नालेच्या आकाराचा मनगटाएवढा जाड लोखंडी तुकडा, दोन्ही टोकांना भोकं आणि भोकांतून आडवी जाणारी पिन. साखळी आणि ओझं यांना जोडतो तो हा. याच्यावर इंजिन उचललं जातं, पुलाची तुळई उचलली जाते, आणि खाली माणसं काम करत असतात.

घडवायची रीत दिसायला सोपी. लोखंडाची कांब भट्टीत पिवळीधमक होईतो तापवायची, वाफेच्या घणाखाली टोकं चपटी करायची, गरम असतानाच नालेसारखी वळवायची. खरी परीक्षा नंतर. घडवलेला माल पुन्हा लाल करून राखेत पुरायचा आणि आपोआप निवू द्यायचा. घाईनं पाण्यात टाकला तर तो कडक होतो, वर चमकतोही झकास, पण एक दिवस काही न सांगता काचेसारखा तुटतो. राखेतून निघालेला प्रत्येक शॅकल सदूभाऊ वाजवून बघत, मग यंत्रावर चढवून त्याला नेमून दिलेल्या भाराच्या दुप्पट ताण देत. ताणाआधी आणि ताणानंतर तोंड किती उघडलं ते कंपासनं मोजत. केसभर फरक पडला तरी तो शॅकल भट्टीत परत. उरेल त्यावर ते स्वतःचा ठसा मारत. गोलात एक 'स'. मी सगळे आकडे वहीत लिहून घेई. माझं काम तेवढंच, पण आकडा मीही कधी अंदाजानं लिहिला नव्हता.

एका शुक्रवारी ताण द्यायच्या यंत्राचा पंप फुटला. नवा भाग यायला तीन आठवडे लागणार होते, आणि सोमवारी नदीवरच्या नव्या पुलाच्या कामाला चाळीस शॅकल जायचे होते. घडवून, राखेत निवून, तयार पडले होते. फक्त ताण द्यायचा राहिला होता.

मालक लालाजी हे काही वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी सदूभाऊंना खुर्ची दिली, पान पुढे केलं आणि म्हणाले, "पंडितजी, ठप्पा मार दीजिए. इतने बरस में आपका एक भी माल टूटा?"

"नहीं टूटा."

"तो फिर?"

"इसलिए नहीं टूटा लालाजी, कि पहले मैंने तोड़ने की पूरी कोशिश की थी."

"वही लोहा है, वही लोहार हैं."

"देखने में तो सब वही है."

लालाजींनी पान परत घेतलं. "सोमवार को चालीस नग नहीं गए तो पुलवाले आगे से माल दूसरी जगह लेंगे. तब आप भी दूसरी जगह देख लीजिएगा." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मोघे बाबू, पिछली खेप के आँकड़े उतार लो."

इथे मला एक कबुली द्यायची आहे. मी ते आकडे उतरवायला बसलो. घरी बायको, दोन मुली. नेहमीसारखं स्वच्छ अक्षर येत होतं. चार ओळी झाल्या होत्या. पाचवीला मागे कुणीतरी उभं आहे असं जाणवलं.

"मोघे, हा पाचवा किती उघडला रे?" सदूभाऊंनी विचारलं.

"शून्य," मी म्हणालो.

"कुणी मोजला?"

मी टाक खाली ठेवला. त्या चारही ओळींवर आडवी रेघ मारून खाली सही केली. सदूभाऊ वहीवरची शाई वाळेपर्यंत थांबले, वही मिटली आणि मला म्हणाले, "ऊठ. रूळ शोधू."

त्यांच्या डोक्यात तरफ होती. कारखान्यामागे पडलेला तेरा फुटी रूळ घ्यायचा, एका टोकापासून एक फुटावर टेकू द्यायचा, आखूड बाजूचं टोक आणि जमिनीत पक्की गाडलेली कडी यांच्यामध्ये शॅकल अडकवायचा आणि लांब बाजूला, बारा फुटांवर, भंगार टांगायचं. अर्धा टन टांगला की शॅकलवर बारापट, म्हणजे सहा टन. शॅकल तीन टनांचे होते, म्हणजे बरोबर दुप्पट. भंगार आम्ही मालधक्क्यावरच्या काट्यावर मोजून आणलं. तिथला बाबू म्हणाला, "पंडितजी, कबाड़ भी तौल के रखते हो?"

"कबाड़ है इसलिए तो तौलते हैं," सदूभाऊ म्हणाले. "सोने पर तो सबकी नज़र रहती है."

शनिवारी दुपारपासून आम्ही एकेक शॅकल लावत होतो. रूळ खाली जायचा, शॅकल ताणून उभा राहायचा, सदूभाऊ साठ मोजायचे, उतरवायचे, कंपास लावायचे. पहिला, शून्य. दुसरा, शून्य. लालाजी दोनदा येऊन बघून गेले आणि दोन्ही वेळा कपाळाला हात लावून गेले.

नववा उतरवल्यावर मी आकडा लिहायला वाकलो आणि लिहायचं सोडून रुळाकडे बघत राहिलो. रूळ हवेत तरंगत नाही. रुळाला स्वतःचं वजन असतं, आणि ते आम्ही धरलंच नव्हतं. मी वहीच्या मागच्या पानावर मांडलं. यार्डाला नव्वद पौंड, तेरा फुटांचे तीनशे नव्वद. रुळाचा मध्य टेकूपासून साडेपाच फुटांवर. तीनशे नव्वद गुणिले साडेपाच, दोन हजार एकशे पंचेचाळीस पौंड. जवळजवळ एक टन. म्हणजे नऊही शॅकलवर सहा नव्हे, सात टनांच्या आसपास ताण पडला होता.

मी पान त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली.

"बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. "नऊ गेले."

"पण सदूभाऊ, एकाचंही तोंड उघडलेलं नाही."

"नऊ गेले."

हे ऐकून लालाजी पळत आले. "अरे सात टन उठा लिया इन्होंने. इनको तो इनाम मिलना चाहिए, और आप निकाल रहे हैं?"

"सह तो लिया," सदूभाऊ म्हणाले. "अंदर क्या हुआ, बाहर से नहीं दिखता."

"गलती किसकी है?"

"मेरी."

"तो लिखेंगे क्या?"

"वही लिखेंगे. मोघे, लिही. नऊ नग बाद. कारण, तपासनीसाची चूक."

मी लिहिलं. लालाजी माझ्या अक्षराकडे असे बघत होते की जणू मी त्यांच्या घराच्या भिंतीवर लिहितोय. "अपने हाथ से अपनी गलती लिखवाता है कोई?"

"आपकी होती तो आपकी लिखवाता."

मग आम्ही भंगार कमी केलं. अर्ध्या टनाऐवजी, म्हणजे अकराशे वीस पौंडांऐवजी, नऊशे एक्केचाळीस पौंड. हा आकडा मी तीनदा तपासला आणि सदूभाऊंनी चौथ्यांदा. रविवारचा दिवस त्यात गेला. उरलेले एकतीसच्या एकतीस शॅकल खरे निघाले. म्हणजे लालाजींचंच म्हणणं सत्य ठरलं होतं, आणि ते त्यांनी बोलूनही दाखवलं. "दो दिन खराब किए. निकला क्या? कुछ नहीं."

"परसों आप मानते थे," सदूभाऊ ठसा मारता मारता म्हणाले. "आज मालूम है."

सोमवारी सकाळी चाळीसऐवजी एकतीस शॅकल मालगाडीत चढले. पेटी बंद झाल्यावर लालाजी शांतपणे म्हणाले, "कल से मत आइएगा, पंडितजी."

"कल तो मैं वैसे भी छुट्टी पर हूँ," सदूभाऊ म्हणाले. "अर्ज़ी आपकी मेज़ पर है." आणि हातोडी खिशात घालून निघून गेले. पुढे सहा आठवड्यांनी लालाजींना त्यांना स्वतः जाऊन बोलवावं लागलं, कारण पुलावरच्या साहेबानं 'स' नसलेला माल पेटी न उघडता परत पाठवला. पण ते सहा आठवड्यांनी. त्या सोमवारी ते नोकरी गमावलेले पन्नाशीचे गृहस्थ होते.

मंगळवारी मालाची पोच घ्यायला मला पुलावर पाठवण्यात आलं. एकतीस पुरेसे होते; पहिल्या तुळईला आठच लागणार होते. मी पोचलो तेव्हा साखळ्या ताणल्या जात होत्या आणि जमादार शिट्टी फुंकून सगळ्यांना बाजूला पिटाळत होता. तुळईखाली फक्त चार खलाशी, म्हणजे ओझी चढवणारे मजूर, उरले. तुळई जसजशी वर जाईल तसतसे खालून लाकडी ओंडके, म्हणजे स्लीपर, रचत जाणं हे त्यांचं काम, त्यांना तिथून हलता येत नाही.

त्या चौघांच्या शेजारी पाचवा माणूस उभा होता. पाच फूट चार इंच, डोक्यावर टोपी, हात मागे बांधलेले.

"जमादारजी, वो वहाँ क्या कर रहे हैं?" मी विचारलं.

"पंडितजी? वो तो हर बार आते हैं," जमादार म्हणाला. "जहाँ इनका माल लगे, पहली बार उठे तो नीचे खड़े मिलेंगे. पहले मैं हटाता था. अब कौन झगड़े."

अकरा वर्षांत त्यांच्या रजेचे अर्ज मीच वहीत चढवले होते. कारणाच्या रकान्यात ते 'घरगुती' लिहीत. मी कधी विचारलं नव्हतं.

मी खाली उतरून त्यांच्यापाशी गेलो. मला बघून ते चिडले.

"तू कशाला आलास इथं? जा, तिकडे उभा राहा. घरी तीन माणसं आहेत तुझ्या."

"आणि तुमच्या?"

"म्हणून तर मला जमतं," ते म्हणाले. आवाजात काही नव्हतं. माप सांगावं तसं सांगितलं. मग त्या खलाशांकडे हनुवटीनं खूण केली. "यांच्याही घरी आहेत. यांना कोण विचारतं, लोखंड बघितलंत का म्हणून? यांनी फक्त वर बघायचं. निदान शेजारी तरी ज्यानं बघितलंय तो असावा."

त्यांची बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती, मूल नव्हतं. हे सगळ्या झाशीला माहीत होतं. आम्हाला ते रिकामं घर वाटायचं. त्यांनी त्या रिकामेपणाचा काय उपयोग काढला होता, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

शिट्टी झाली. साखळ्या कडकड वाजल्या. मी सांगितल्याप्रमाणे मागे निघालो. दहा पावलं गेलोही. पण एकतीस शॅकलचे एकतीस आकडे माझ्या अक्षरात होते. नऊशे एक्केचाळीस पौंड हा हिशेब माझा होता. मी वळलो आणि परत येऊन उभा राहिलो.

तुळई जमिनीपासून बोटभर सुटली, मग वीतभर. खलाशांनी पहिला स्लीपर सरकवला. सदूभाऊंनी मान वर करून आठही शॅकल डावीकडून उजवीकडे एकदा पाहिले. माझ्याकडे पाहिलं नाही. फक्त थोडे बाजूला सरकले आणि मला जागा करून दिली.