राखीव दाढ

बंधुराजांची दाढ दुखू लागली तेव्हा डॉक्टरांनी त्यांच्या तोंडात डोकावून पाहिलं आणि सांगितलं, "काही करू नका." दातांच्या डॉक्टरने असा सल्ला द्यावा हे नवलच, पण पुढचं सगळं रामायण एवढ्या तीन शब्दांतून घडलं.

बंधुराज म्हणजे डॉक्टरांच्या बायकोचे धाकटे भाऊ. (देश सोडताना बरोबर काय आणलंत, असं कुणी विचारलं तर डॉक्टर म्हणत, "दोन बॅगा आणि मेहुणा.") तिकडे डॉक्टरांचा स्वतःचा दवाखाना होता. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी एका बाईंच्या दाढेत तात्पुरतं सिमेंट भरलं होतं आणि सवयीने सांगितलं होतं, "आठ दिवसांनी दाखवायला या." आता तो दवाखाना नव्हता, ती गल्लीही नव्हती. ते सिमेंट मात्र डॉक्टरांच्या मनातून निघत नव्हतं.

इकडे ते एका हॉटेलच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालत. मुकादम खूश होता. "हात साफ आहे हो तुमचा," तो म्हणे. "आधी कुठल्या लॉन्ड्रीत होता?"

डॉक्टरांची डिग्री इथल्या डेंटल कौन्सिलला मान्य नव्हती. कौन्सिलने खातरजमा करायला त्यांच्या कॉलेजला पत्र धाडलं, ते 'असा पत्ता नाही' म्हणून परत आलं. मग कौन्सिल मोठ्या मनाने म्हणालं, परीक्षा द्या. एक दाढ भरून दाखवा. पेशंट मात्र तुमचा तुम्ही आणायचा. संधी दोनच, नाहीतर पुन्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षात, पोराटोरांच्या बाकावर. पहिल्या खेपेला डॉक्टरांनी शेजाऱ्याला पटवून नेलं. सुई बघताच शेजारी जो उठला तो गळ्यातल्या निळ्या कागदी रुमालासकट घरी पोचला. त्यानंतर तो जिन्यात भेटला तरी ओठ मिटून हसायचा.

आता उरली होती शेवटची संधी, आणि कौन्सिलला दाढही हवी होती अगदी पारखून घेतलेली. कीड दोन दाढांच्या मधल्या फटीत हवी, एक्स-रेत स्पष्ट दिसायला हवी, पण दाढेच्या नसेपर्यंत पोचलेली नको, आणि आजवर कुणाचा हात लागलेला नको. (लग्नाच्या बाजारातही एवढ्या अटी नसतात.) बायकोचे दात डॉक्टरांनीच जपलेले, त्यामुळे तिथे काही आशा नव्हती. बंधुराजांच्या दाढेत मात्र सगळं जुळत होतं. फक्त कीड जरा लहान होती.

"अहो, भरून टाका की त्याची दाढ," बायको म्हणाली. "विव्हळतोय बिचारा."

"लायसन नाही माझ्याकडे."

"मग दुसऱ्या डॉक्टरकडे नेते."

"नको. ती दाढ राखीव आहे."

त्या संध्याकाळी, आयुष्यभर गोड खाण्याविरुद्ध भाषणं ठोकलेला हा माणूस चॉकलेटांचा पुडा घेऊन घरी आला. पुडा मेहुण्यापुढे ठेवताना डॉक्टरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बंधुराजांनी पुड्याकडे पाहिलं, भावोजींकडे पाहिलं.

"एकट्याने खायला बरं वाटत नाही, भावोजी."

म्हणून डॉक्टरांनी सोबत म्हणून एक खाल्लं. मग रोजच सोबत करावी लागली. पुढे पुढे धुलाईखान्यातून दमून आल्यावर दिवसातली तेवढीच एक बरी गोष्ट असायची, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

इकडे बंधुराजांना आपल्या दाढेची किंमत कळली. खिडकीजवळची खाट त्यांची झाली. डॉक्टरांचा गरम कोट त्यांचा झाला. कुणी जरा नाराजी दाखवली की ते जिभेने दाढ चाचपून पाहत आणि म्हणत, "एखाद्या डॉक्टरला दाखवून यावं म्हणतो." डॉक्टर मुकाट्याने त्यांचं ताट उचलत. (अडला हरी म्हणतात तो हाच.)

बायकोने हे सगळं पाहिलं. "तुमचं शिक्षण सिद्ध करायला माझ्या भावाची दाढ सडवताय," ती एकदा म्हणाली.  डॉक्टरांना पुन्हा पांढरा कोट घालायचा होता, कुणीतरी आपल्यापुढे विश्वासाने तोंड उघडावं एवढंच हवं होतं. त्यासाठी आपण काय करतोय, हे त्यांना चांगलं कळत होतं.

परीक्षेच्या सकाळी डॉक्टर दाढी करून तयार झाले आणि मेहुण्याला उठवायला गेले. बंधुराज आधीच उठून बसले होते. एक गाल सुजलेला, चेहऱ्यावर समाधान.

"भावोजी, तुमची काळजी मिटली," ते तोंडातला कापसाचा बोळा चावत म्हणाले. "काल संध्याकाळी तुम्ही कामावर होतात आणि दाढ भयंकर ठणकायला लागली. म्हटलं, उद्या परीक्षा, तुमच्या डोक्याला आणखी ताप कशाला? तो कोपऱ्यावरचा दवाखाना आहे ना, तिथे जाऊन काढूनच आलो."

डॉक्टर भिंतीला टेकले.

"तुम्हाला लागणार म्हणून मागून घेतली," असं म्हणत बंधुराजांनी त्यांच्या हातावर एक कागदाची पुडी ठेवली. "कीड शाबूत आहे. बघा."

माणसाची आशा मोठी चिवट असते. डॉक्टर पुडी घेऊन परीक्षाकेंद्रावर गेले.

"पेशंट?" खिडकीतल्या बाईंनी विचारलं. डॉक्टरांनी पुडी पुढे केली. बाईंनी ती उघडली, पाहिली, पुन्हा नीट मिटली.

"बाकीचा पेशंट कुठे आहे?"

बाहेर बाकावर एक तरुण डॉक्टरीण रडत बसली होती. तीही अशीच कुठल्यातरी देशातून आलेली. तिचा पेशंटही आला नव्हता आणि तिचीही शेवटचीच संधी होती. डॉक्टरांनी तिला पाण्याची बाटली दिली. सांत्वन करताकरता, जुन्या सवयीने आणि नव्या आशेने, त्यांनी तिच्या तोंडात डोकावून पाहिलं. सगळे दात धुतल्या तांदळासारखे.

"मीही डॉक्टरच आहे," ते म्हणाले आणि त्यांनी मोठा उसासा टाकला. एवढा मोठा, की तिचं रडणं थांबलं.

"जरा पुन्हा तोंड उघडा," ती म्हणाली. "मागची. खालची."

दातांच्या डॉक्टरच्या तोंडात कोण बघतं? एक्स-रे निघाला. दोन दाढांच्या मधली फट, स्पष्ट दिसणारी कीड, नस वाचलेली, आणि आजवर कुणाचाही हात न लागलेला. परीक्षक म्हणाले, इतकी आदर्श केस बऱ्याच दिवसांत आली नाही.

अशा रीतीने डॉक्टर परीक्षेच्या हॉलमध्ये शिरले आणि आडवे झाले. तिचा हात आधी थरथरत होता. त्यांना सांगायचं होतं, कोपर अंगाशी ठेव पोरी, घाई नको. पण तोंडात तिचा आरसा होता, म्हणून त्यांनी फक्त तिच्या मनगटाला हलकेच बोट लावलं. थरथर थांबली. ती पास झाली. परीक्षकांनी जाताना डॉक्टरांच्या खांद्यावर हात ठेवला, "दात जपा हो. अधूनमधून एखाद्या डॉक्टरला दाखवत जा."

केंद्राच्या पायरीवर बसल्यावर डॉक्टरांना रडू आलं. भूल उतरली नव्हती, त्यामुळे तेही अर्ध्याच तोंडाने.

घरी बायको दारातच उभी होती. चेहरा पाहून तिने त्यांचा जुना कोट तेवढा उतरवून घेतला. बंधुराजांनी धीर द्यायला चॉकलेटांचा पुडा पुढे केला.

"दोन तास काही खायचं नाही," डॉक्टर म्हणाले. "आणि आठ दिवसांनी दाखवायला बोलावलंय."

"कुणी?"

"डॉक्टरांनी."

त्या घरात नुसतं 'डॉक्टर' म्हणून दुसऱ्या कुणाचा उल्लेख पहिल्यांदाच झाला. बायकोने कोटाची घडी घातली, मोडली आणि पुन्हा घातली.  बंधुराजांनी गालाची दुसरी बाजू जिभेने चाचपली.

"भावोजी, हात हलका आहे का हो त्यांचा? नाही, माझी डावीकडची दाढ आता ठणकायला लागलीय."

डॉक्टरांनी डोळे मिटले. बधिर ओठांनीही त्यांना खोटं बोलता आलं नाही.

"हलका आहे," ते म्हणाले.