पद म्हणजे पाऊल

वारज्यातल्या आमच्या मंदारबन सोसायटीची लिफ्ट अकरा तारखेला बंद पडली. दुरुस्तीच्या पत्रावर अध्यक्षांची सही हवी होती. निवृत्त मराठी शिक्षिका मुक्ताई साळुंके नुकत्याच बिनविरोध अध्यक्ष झाल्या होत्या. बिनविरोध अशासाठी, की सभेला त्या एकट्याच वेळेवर आल्या होत्या.

त्या पेन घेऊन सोसायटीच्या ऑफिसात गेल्या. सचिव दत्तप्रसाद यांनी पत्र मागे ओढलं.

"आपण निवडून आलात, हे मान्य. पण अजून विधिवत बसलेल्या नाहीत."

"मी खुर्चीतच बसलेय."

"ते शारीरिक झालं. पदग्रहण समारंभ व्हायला हवा."

निमंत्रणपत्रिका छापायला निघाली आणि माजी अध्यक्ष नागोरावांनी लेखी हरकत घेतली. 'ग्रहण' अशुभ, त्यांच्या गरोदर सुनेनं ती पत्रिका वाचायची की नाही? मग कुणीतरी 'प्रतिष्ठापना' सुचवलं.

"चालेल," नागोराव म्हणाले, "विसर्जन कधी?"

'पदारूढ'ला तळमजल्याचा विरोध झाला. आरूढ वाहनावर होतात आणि पार्किंग आधीच कमी आहे.

मुक्ताईंनी वर्गात सांगावं तसं सांगितलं. "अहो, पद म्हणजे मुळात पाऊल. पाऊल ठेवायची जागा, म्हणून पुढे हुद्दा. ग्रहण म्हणजे धरणं. सूर्याला राहू धरतो, म्हणून तेही ग्रहण. मी पाऊल ठेवलं, जागा धरली. झालं. द्या ते पत्र."

"हे आपलं वैयक्तिक मत," सचिव म्हणाले. "मूळ अर्थासाठी उपसमिती नेमू."

नेमली. उपसमितीला अध्यक्ष हवा होता. त्यालाही विधिवत बसवणं आलं. कोणत्या शब्दानं बसवायचं हे उपसमिती ठरवणार होती, पण तिला अध्यक्ष नव्हता. तोवर मुक्ताईंना 'स्थानापन्न' म्हणावं, असा ठराव झाला. शब्द भारदस्त होता. नंतर सचिवांनी शासकीय शब्दकोश काढला, तर अर्थ निघाला, तात्पुरतं काम पाहणारा. तात्पुरत्या माणसाला सहीचा अधिकार नसतो.

सहाव्या मजल्यावरच्या यमुनाबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं. टाके काढायला त्यांना दोघांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून जिन्यानं उतरवलं. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर खुर्ची कलंडता कलंडता राहिली. मुक्ताई मागून उतरत होत्या. त्या तशाच ऑफिसात गेल्या, पत्र उचललं आणि सही केली.

"कोणत्या नात्यानं?" सचिवांनी विचारलं.

"शेजारीण म्हणून."

लिफ्ट कंपनीनं सही कुणाची ते पाहिलं नाही. गुरुवारी लिफ्ट सुरू झाली.

शुक्रवारी फलकावर अविश्वास ठराव लागला: विधिवत न बसलेल्या व्यक्तीनं सही केल्याबद्दल. सह्यांसाठी खाली टेबल मांडलं. यमुनाबाई वॉकर घेऊन लिफ्टनं आल्या. मुक्ताई तिथंच उभ्या होत्या.

"लिफ्टचं फार बरं झालं हो बाई," यमुनाबाई म्हणाल्या. "पण नियम तो नियम."

त्यांनी सही केली. वॉकर वळवायला त्यांना वेळ लागला, तेवढा वेळ मुक्ताईंनी लिफ्टचं दार धरून ठेवलं.

संध्याकाळपर्यंत बेचाळीस सह्या झाल्या. वरचे सगळे लिफ्टनंच उतरले. मी चौथ्या मजल्यावर राहतो. रांग होती, मागचा माणूस घाई करत होता, पेन हातात आलं. माझी सही एकोणिसावी.

तुमची कितवी असती?