बिनफुलीची शोकसभा

पडद्याच्या कोपऱ्यात बंद करायची फुली दिसली की दाबायची, ही भाऊ टिपणीसांची सवय. बँकेचं पान, चालू व्हिडिओ कॉल, अर्धवट लिहिलेलं पत्र, सगळं तिने गिळलं होतं. शेवटी त्यांच्या मुलाने, सलिलने, मुळावरच घाव घातला. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं आणि अशी सोय केली, की जे उघडेल ते पडदाभर उघडेल. वर पट्टी नाही, कडा नाहीत, फुली तर नाहीच.

"एकावर एक चादर घातल्यासारखं आहे, बाबा. खालचं हवं असेल तर ऑल्ट दाबून टॅब दाबा. लक्षात राहील ना?"

"न राहायला काय झालं?" भाऊ म्हणाले, आणि विसरले.

कोपरला भाऊंची बिल्डिंग म्हात्र्यांच्याच जमिनीवर उभी होती आणि गोपीनाथ म्हात्रे समोरच राहत. दोघांची कॅरमची जोडी होती. दोन वर्षांपूर्वी भाऊंचा लाडका स्ट्रायकर हरवला, भाऊंनी गोपीनाथांवर आळ घेतला आणि बोलणं तुटलं. मग गोपीनाथ गेलेच. नातेवाईक परदेशी पांगलेले, म्हणून शोकसभा ऑनलाइन ठेवली होती. निदान चार शब्द नीट बोलून निरोप घ्यावा, एवढीच आता भाऊंची इच्छा उरली होती. त्यासाठी त्यांनी भाषण टाइप केलं होतं.

"आता भाऊकाका बोलतील," गोपीनाथांची सून जागृती म्हणाली.

भाऊंनी माइक चालू केला आणि भाषण उघडलं. ते पडदाभर पसरलं. सभा दिसेनाशी झाली.

भाऊ घाबरले. दिसतील ती बटणं दाबली, त्यात लॅपटॉपचा आवाजही बंद झाला.

"सुमती, गेली गं सभा! फुली नसताना गेली!"

सुमतीबाई पदराला हात पुसत आल्या. "असू दे. मला वाचून दाखवा."

"काय वाचू? 'अजातशत्रू गोपीनाथराव' म्हणे! कोपरमधला एक रिक्षावाला राहिला नसेल ज्याच्याशी तो भांडला नाही. 'मितभाषी' म्हणे! त्याच्या शिव्या चौथ्या मजल्यावर यायच्या." भाऊंचा आवाज चिरकला. "आणि स्ट्रायकर त्यानेच ढापला, हे मी आजही सांगतो. पण ढापला तर ढापला! बोलायचं कशाला थांबायचं? तुझ्या ऑपरेशनला रात्रभर दवाखान्यात बसलेला माणूस तो. त्याच्याशिवाय संध्याकाळ संपत नाही गं माझी."

ते लहान मुलासारखे रडू लागले. तेवढ्यात सुमतीबाईंचा मोबाइल वाजला. वागळे इस्टेटमधल्या ऑफिसातून सलिल सभा बघत होता.

"आई, बाबांना ऑल्ट-टॅब दाबायला सांग! सगळं जग ऐकतंय!"

सुमतीबाईंनी सांगितलं, भाऊंनी दाबलं. भाषणाखालून चाळीसेक गंभीर चेहरे वर आले. मधोमध गोपीनाथांच्या पत्नी, बायजाबाई. भाऊंना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यांनी सवयीने फुली शोधली. ती नव्हती. सुमतीबाईंनी तेवढा आवाज चालू केला.

"भाऊ," बायजाबाई सावकाश म्हणाल्या, "मगासपासून समदे देवमानूस देवमानूस करतान. मना वाटला, दुसऱ्याच कोनाच्या सभंला बसलंय. तुमी बोललाव, तवा मना माजा मानूस दिसला."

त्यांनी कमरेची पिशवी सोडली आणि काहीतरी कॅमेऱ्यासमोर धरलं. पिवळट, एका कडेला टवका उडालेला स्ट्रायकर.

"यानीच घेतलेला. मी बोलले, देऊन टाका. तर बोलले, त्याला मागाया येव दे. रोज सांजंला गेटाकडं बगत बसायचे."

भाऊ उठले. पडद्यावर त्यांची खुर्ची तेवढी उरली. मागून सुमतीबाई ओरडल्या, "अहो, चप्पल तरी घाला!"

थोड्या वेळाने बायजाबाईंच्या चौकटीत भाऊ शिरले, अनवाणी, धापा टाकत. त्यांनी स्ट्रायकर हातात घेतला, टवका उडालेल्या कडेवरून अंगठा फिरवला आणि भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे पाहिलं.

"चोर लेकाचा!" ते म्हणाले. "मागायला आलोय."

जागृतीने माइक बंद केला नाही.