मागच्या बाकाची चाकं

आमचे नरसिंगराव सर वर्गात शिरले की आधी मागच्या बाकाला नमस्कार करतात. हात जोडून, किंचित वाकून. पुढचे बाक रिकामे असले तरी चालतं, मागचा भरलेला पाहिजे. "पुढच्यांना काय, माझ्याशिवायसुद्धा येतंय," म्हणतात. "पगार मी मागच्यांचा घेतोय."

सर बसवनगुडीतल्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतात. घराणं मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरात मुरलेलं, त्यामुळे त्यांच्या मराठीला कानडीची फोडणी. मी परभणीकडचा, नववीतच शाळा सोडलेला. महादेवपुऱ्याच्या आयटी कंपन्यांत चाकांच्या खुर्च्या जोडायला म्हणून इकडे आलो. काम संपलं, मुकादम गावी गेला, आणि मी एका भंगारवाल्याकडे जुन्या खुर्च्यांची चाकं उपटत बसलो. एकदा पाना निसटून बोटावर बसला. "आई गं!" ओरडलो.

"मराठी?" मागून कुणीतरी असं विचारलं, जशी हरवलेली म्हैस सापडावी. सर होते. त्यांना चाकं हवी होती. पुष्कळ.

कशाला, तेही तिथंच समजावलं. शिकवणं सुधारावं म्हणून विद्यापीठ प्राध्यापकांना अनुदान देतं. सरांची योजना अशी, की वर्गातल्या प्रत्येक बाकाला चाकं लावायची आणि रोज मागचा बाक ढकलत पुढं आणायचा. "मागचा बाक म्हणून काही उरणारच नाही!" बोलता बोलता ते कानडीत घसरले आणि माझ्याकडे बोट करून म्हणाले, "अर्थ आयता?"

परका मुलूख, पहिलीच भेट, आणि हे मला आयतखाऊ म्हणतात की काय! मी हात जोडले. "नाही हो सर, आयतं काही नको. काम करून खाईन."

सर भंगारातल्या एका खुर्चीवर बसून हसले. इतके हसले की ती लंगडी खुर्ची त्यांच्यासकट आडवी झाली. मग कळलं, कानडीत तसं विचारणं म्हणजे 'समजलं का?' धूळ झटकत सर उठले. "तुझंच बरोबर आहे रे. अर्थ आयता कुणाला मिळतोय? सोमवारी ये कामाला."

असा मी कॉलेजात आलो. चाकं बसवायची, तेल घालायचं, आणि सरांचा धडा आधी ऐकायचा. "तुला समजलं की मागच्या बाकाला समजलं. सरी? बरोबर ना?" हॉटेलात नाश्ता करताना इडलीची पृथ्वी व्हायची, वड्याचा चंद्र.

"सर, इडली सांबारात बुडाली तर?"

"ग्रहण! खाऊन टाक, सुटेल."

पण हे किती दिवस चालणार, कुणास ठाऊक. विद्यापीठानं प्रयोगापुरतेच पैसे दिले होते. पुढचं अनुदान समिती येऊन, पाहून ठरवणार होती. माझी नोकरी त्या अनुदानावर. ते नाही आलं, तर मी परत भंगारात.

समितीत तिघं होते. अध्यक्ष शारदा मॅडम, करड्या. सरांनी तिघांना हट्टानं मागच्याच बाकावर बसवलं. वर्गाची फरशी फळ्याकडे उतरती. मी हळूच विचारलं, "सर, ब्रेक?"

"ब्रेक पुढच्या अनुदानात."

"हं, ढकला!" सर म्हणाले, आणि मुलांनी गणपती मिरवणुकीच्या जोमानं ढकललं. बाक पहिल्या ओळीला मागं टाकून गेला, फळ्यासमोरून गेला, लगतच्या दारातून बाहेर पडला. मागं आम्ही, पुढं समिती. व्हरांड्यात बाक पाण्याच्या पिंपावर आदळून थांबला. समिती थांबली नाही. एकांचा चष्मा तर पायऱ्यांपर्यंत पोचला.

सर खडू उंचावून धावत आले. "हेच जडत्व! बाक थांबला, तुम्ही थांबला नाहीत! अर्थ आयता?"

"आय्तु! आय्तु!" मॅडम जमिनीवरूनच ओरडल्या. समजलं, समजलं!

मी मनातल्या मनात पिशवी भरायला घेतली. मॅडम उठल्या, पिंपाच्या पाण्यानं भिजलेला पदर पिळला. "जडत्वाची व्याख्या शाळेपासून पाठ होती मला," त्या म्हणाल्या. "पण ती खरी कळली आत्ता, पोटात गोळा आला तेव्हा." आणि त्यांना जे हसू फुटलं, ते तिघांत पसरलं. अनुदान मिळालं. अट एकच, आधी ब्रेक.

परवा ब्रेक बसवून झाले. संध्याकाळी वर्गाला कुलूप लावायला गेलो, तर मागच्या बाकावर सर एकटेच बसलेले.

"सर, घरी नाही जायचं?"

"जातो रे. स्वल्प बसतो." मग बाकावरून हात फिरवत म्हणाले, "आमची ही, सुमित्रा, होती तोवर घरात पाऊल टाकलं की विचारायची, आज काय शिकवलंत? मराठीतून सांगायला लागायचं. तिला ओ का ठो कळायचं नाही. पण ऐकायची सगळं. आता कुलूप मीच उघडतो, दिवा मीच लावतो. विचारणारं कोण आहे?"

मी वाकलो, ब्रेक सोडला आणि सरांचा बाक हळूहळू ढकलत फळ्यापाशी आणला. "अरे, अरे, स्वल्प हळू," ते म्हणत होते, पण उतरले नाहीत. ब्रेक लावला. स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसलो.

"सर, आज काय शिकवलंत?"

सर बाकावर पुढं सरकले. "समजेल तुला?"

"आयतं नाही समजणार," मी म्हणालो.

सरांनी खिशातून खडू काढला.